खिद्रापूरच्या रिकाम्या जागा



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय मोठा भारदस्त छापलाय. 'कोपेश्वर मंदिर : आख्यायिका, स्थापत्य आणि उपासना'. संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी मंडईत होतो. एका हातात कोथिंबिरीची जुडी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. तोंडाला आलं ते सांगून मोकळा झालो. आता शब्दाला जागायला हवं. तिन्ही गोष्टी सांगेन, पण पत्रिकेतल्या क्रमाने येतीलच असं नाही. खिद्रापूरला त्या तशा सुट्या सुट्या सापडतच नाहीत.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी सातवीला होतो. दिवाळीच्या सुटीनंतर त्यांनी आमची अख्खी तुकडी सायकलवरून खिद्रापूरला नेली. जाताना दोन पंक्चर, एकाची चेन तुटली, आणि पोचेपर्यंत निम्म्यांच्या शिदोऱ्या संपलेल्या. देवळासमोर आम्हाला ओळीत बसवून गुरुजी म्हणाले, "वह्या काढा. जे दिसतंय ते कुणीही लिहील. तुम्ही काय नाही ते लिहा."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. काय नाही ते लिहायचं म्हणजे काय? एकाने लगेच लिहिलं, 'माझी चप्पल'. ती खरोखरच नव्हती. बाकीच्यांनी तासभर डोकं खाजवल्यावर जी यादी झाली ती अशी : नंदी नाही. छप्पर नाही. नाकं नाहीत. आणि वरचा कळस या देवळाचा वाटत नाही.

आज साठी ओलांडली. मधल्या काळात बरीच पुस्तकं चाळली, त्या देवळात पन्नासेक फेऱ्या झाल्या असतील. सांगायला संकोच वाटतो, पण त्या चार ओळींत मला फारशी भर घालता आलेली नाही. म्हणून आज तीच यादी घेऊन उभा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की आख्यायिका देवळात कुठेही उगवत नाही. जिथे दगड कमी पडतो, जिथे अर्थ विसरला जातो, जिथे भोक राहतं, नेमकी तिथे उगवते. तुमचं इचलकरंजी गाव सुताचं. कापडाला भोक पडलं की रफूवाला काय करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो बाहेरचं ठिगळ लावत नाही. त्याच कापडाच्या आतल्या कडेचा धागा सोडवून घेतो आणि भोकावर ताणाबाणा भरतो. चांगलं रफू लांबून दिसत नाही. बोट फिरवलं की कळतं. तर आज आपण कोपेश्वरावरून बोट फिरवणार आहोत.

ज्यांनी देऊळ पाहिलंय त्यांनी हात वर करा बरं. ... निम्मे. उरलेल्या निम्म्यांनी एवढ्या जवळ राहून काय केलं, हे मी विचारत नाही. त्यांच्यासाठी सांगतो : शिरोळ तालुक्याचं अगदी टोक, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. कृष्णा या गावाला तीन बाजूंनी वळसा घालते आणि पुढे कर्नाटकात जाते. गावात दोन्ही भाषा चालतात. देवळावरच्या शिलालेखांतही बहुतेक कानडी आहेत आणि एक ठळक लेख देवनागरीत, संस्कृतात. तो लेख आपल्याला पुढे लागणार आहे. देवळापासून जवळच आदिनाथाची जैन बस्तीही आहे. शैव आणि जैन इतके शेजारी शेजारी, ही या भागाची जुनी रीत.

आता पहिली रिकामी जागा. ती देवळात नाही, नावात आहे.

कोपेश्वर म्हणजे कोपलेला ईश्वर. गावातलं शेंबडं पोरही कथा सांगतं. दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला बोलावणं धाडलं नाही. सती माहेरी गेली, अपमान झाला, तिने देह टाकला. शंकर कोपले. ते रागाने धुमसत इथे येऊन बसले, आणि त्यांची समजूत काढायला विष्णू आले. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत : एक कोपेश्वराचं आणि दुसरं धोपेश्वराचं. धोपेश्वर म्हणजे विष्णू. शंकराच्या गाभाऱ्यात विष्णू, आणि तोही लिंगाच्या रूपात! हे तुम्हाला रोज कुठे बघायला मिळतं? रागावलेल्या माणसाजवळ कुणीतरी नुसतं बसून राहावं, तसा तो शेजारी आहे. शतकानुशतकं बसून आहे.

कथा गोड आहे. आता बोट फिरवा. त्या संस्कृत लेखात देवाचं नाव 'कोप्पेश्वर' असं येतं, जोडाक्षराने. कानडीत कोप्प, कोप्पल अशी गावांची नावं आजही ढिगाने सापडतात. शब्दाचा अर्थ वाडी, वस्ती. आणि इतिहासात एक कोप्पम प्रसिद्ध आहे. १०५४च्या सुमाराला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर आणि तंजावरचे चोळ यांची तिथे तुंबळ लढाई झाली. चोळ सम्राट राजाधिराज हत्तीवर बसलेला असतानाच मारला गेला. त्याच्या धाकट्या भावाने, राजेंद्राने, रणांगणावरच स्वतःला अभिषेक करवून घेतला आणि हरत आलेली लढाई फिरवली. पुढे चोळांनी कोल्हापुरात जयस्तंभ उभारल्याचं त्यांचे लेख सांगतात. हे कोप्पम म्हणजेच खिद्रापूर, असं काही अभ्यासकांनी मानलं. काहींनी ते कर्नाटकातलं कोप्पळ मानलं. तो वाद मी इथे मिटवणार नाही, माझी तेवढी प्राज्ञाही नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. कोप्प नावाच्या गावाचा ईश्वर तो कोप्पेश्वर. देव आधी गावाचा होता, रागावला नंतर!

झालं काय असेल? मला दिसतं ते असं. गावाचं जुनं नाव मागे पडलं, खिद्रापूर आलं. 'कोप्प' म्हणजे वाडी, हे मराठी कानाला कळेनासं झालं. जोडाक्षर सैल झालं, आणि कानाला ऐकू आला 'कोप'. आता देव रागावलेला म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच : का रागावला? शंकराच्या रागाचं सगळ्यात मोठं कारण पुराणात एकच आहे. दक्षाचा यज्ञ. धागा तिथून आला. त्याच कापडाचा धागा.

धोपेश्वराचं मात्र मला कोडं आहे. कोकणात राजापूरजवळ धोपेश्वर नावाचं गाव आहे, तिथला देव धूतपापेश्वर; बोलीत झिजून धोपेश्वर झाला. तो शंकर आहे. आपल्या इथला धोपेश्वर विष्णू. मराठीत जोड्या जुळवायची खोड आहे, भाकरी-बिकरी, चहा-बिहा. कोप आला म्हणून धोप आला की काय, अशी एक चावट शंका माझ्या मनात येते. ती इथेच सोडतो, समोर शास्त्री मंडळी बसली आहेत.

दुसरी रिकामी जागा : नंदी.

शंकराच्या देवळात शिरताना आपलं शरीर काय करतं, कधी पाहिलंय? डोक्याला काही सांगावं लागत नाही. वाकायचं, डावा हात नंदीच्या पाठीवर, उजव्या हाताची दोन बोटं शिंगांवर, आणि त्या चौकटीतून पिंडीचं दर्शन. शृंगदर्शन म्हणतात त्याला. खिद्रापूरला सभामंडपात शिरलात की हात आपोआप खाली जातो आणि हवेतच राहतो. माझा आजही राहतो. पन्नास वेळा जाऊनसुद्धा! ज्याच्या पाठीवर हात ठेवायचा तो तिथे नाही.

कुठे गेला? तर सती माहेरी निघाली ती नंदीवर बसून. देव मागे राहिले, नंदी तिच्याबरोबर गेला, आणि तिकडचाच झाला. नदीपलीकडे, चिकोडी तालुक्यात येडूर आहे. तिथे नंदी आहे, आणि तो खिद्रापूरकडे तोंड करून बसलाय असं दोन्ही गावं सांगतात. दक्षाचा यज्ञ येडूरलाच झाला असंही सांगतात.

आता येडूरचं मुख्य दैवत कोण, माहीत आहे ना? वीरभद्र. दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस करायला शंकराच्या जटेतून निघाला तो वीरभद्र. म्हणजे बघा, नदीच्या या काठावर राग आणि त्या काठावर रागाचं कृत्य. एका काठावर वाहन नसलेला देव, दुसऱ्या काठावर देवाशिवाय वाहन. मध्ये कृष्णा. दोन गावं, आज तर दोन राज्यं, आणि एकच कथा अर्धी अर्धी वाटून घेतलेली. सीमेचा वाद तुम्हा-आम्हाला नवा नाही. पण या दोन गावांना एकमेकांवाचून आपापली गोष्ट पुरी सांगता येत नाही. येडूर तोडलं तर आमचा नंदी हरवतो, खिद्रापूर तोडलं तर त्यांचा नंदी कुणाकडे बघतो तेच कळत नाही.

स्थापत्याचा विद्यार्थी म्हणेल, अहो, नंदीमंडप व्हायचाच राहिला असेल. असेल बुवा. पण 'राहिलं असेल' हे उत्तर घेऊन माणूस देवळातून घरी जात नाही. तो हात हवेत राहिलेला असतो ना! त्या हाताला काहीतरी द्यावं लागतं.

आता मात्र मला जरा रेंगाळायचंय, कारण आपण स्वर्गमंडपात आलो.

जिथे नंदी असायला हवा होता, साधारण त्याच दिशेला, सभामंडपाला जवळजवळ खेटून हा खुला मंडप आहे. सगळ्यांना उघडा. आत बारा खांबांचं वर्तुळ, भोवती आणखी छत्तीस, एकूण अठ्ठेचाळीस. सभामंडपातले साठ धरले की एकशे आठ होतात, आणि गावकरी तो आकडा जपमाळेसारखा अभिमानाने सांगतात. खांब कसे आहेत? खाली चौकोनी, वर अष्टकोनी, मग गोल, मग पुन्हा कडा, मग चकत्यांवर चकत्या. तुमच्या गावात लेथवर काम करणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्यापैकी एकाला मी एकदा बरोबर नेलं होतं. त्याने खांबावरून अंगठ्याचं नख फिरवलं, खाचेत अडकतंय का ते पाहिलं, आणि म्हणाला, "सर, हे फिरवून केलंय. छिन्नीने असली खाच येत नाही." उत्तर चालुक्यकाळातल्या खांबांबद्दल अभ्यासक हेच म्हणतात, पण ते मला नखाने कुणी शिकवलं नव्हतं.

आणि वर? वर छप्परच नाही. बारा खांबांच्या डोक्यावर दगडी कडं आहे आणि त्याच्या आत आकाश. सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल आकाश. त्याच्या बरोबर खाली जमिनीत जवळजवळ तेवढीच गोल शिळा, एकसंध. तिला रंगशिला म्हणतात. कड्याच्या आतल्या अंगाला कार्तिकेय मोरावर, शिवाय आठ दिशांचे आठ पालक आपापल्या वाहनांवर, बरोबर बायका. इंद्र हत्तीवर, यम रेड्यावर. रंगशिलेवर उभं राहून मान वर केली की हे सगळे वाकून तुमच्याकडे बघताहेत असं वाटतं. विहिरीत पडलेल्या माणसाला काठावरची माणसं दिसावीत तसे. हे मी भक्तिभावाने सांगतोय, गैरसमज नको.

हे भोक का ठेवलं? गावचं उत्तर : यज्ञाचा धूर जायला. पर्यटक मार्गदर्शकाचं उत्तर : चंद्र दिसायला. संशयी माणसाचं उत्तर : वर घुमट चढवायचा राहिला, पैसे संपले. तिन्ही उत्तरं मी ऐकून घेतो. पण एक गोष्ट मला बरीच वर्षं कुणी सांगितली नव्हती, आणि ती सांगायला शिलालेख लागत नाही, शाळेचा भूगोल पुरतो. खिद्रापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी या देवळाच्या बरोबर डोक्यावर येतो : मेच्या ६-७ तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या ५-६ तारखेला. वर्तमानपत्रं ज्याला शून्य सावली दिवस म्हणतात तो. त्या वेळी वरच्या भोकातून उतरणारं ऊन कुठे पडेल? सरळ खाली. उन्हाची गोल चकती त्या गोल शिळेवर, डब्यावर झाकण बसावं तशी.

बांधणाऱ्यांनी हे योजून केलं का? माझ्या हातात पुरावा नाही आणि मी तो दावा करणार नाही. गोल भोकाखाली गोल शिळा बसवली की या अक्षांशावर हे होणारच. पण ज्यांनी अठ्ठेचाळीस खांब नखाला खाच लागणार नाही असे केले, त्यांनी मे महिन्याच्या दुपारी एकदाही खाली बघितलं नसेल, असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

इथे जाता जाता एक भांडण करून घेतो. दहातले नऊ लोक या देवळाला हेमाडपंती म्हणतात. चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधलं की आपल्याकडे ते हेमाडपंती! हेमाद्री पंडित हा यादवांचा श्रीकरणाधिप, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला. महादेव गादीवर आला तो १२६० च्या आसपास. आणि खिद्रापूरचा तो देवनागरी लेख यादव राजा सिंघणाचा, तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. तो लेखही देऊळ बांधल्याचा नाही, उभ्या असलेल्या देवाला गाव दिल्याचा. देऊळ त्याआधीचं; कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळाशी त्याची नाळ जोडतात. मग पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसाने हे कसं बांधलं? नातवाने आजोबांचं लग्न लावून दिलं म्हणण्यासारखं आहे हे. पण हेही रफूच आहे, बरं का. बांधणारा कोण हे ठाऊक नाही. कानावर असलेलं मोठं नाव एकच. तो धागा भरून टाकला.

सिंघणाचा हा लेख वाचताना मला नेहमी गंमत वाटते. १२१२च्या सुमाराला त्याने शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याला पन्हाळ्यावर हरवलं. राज्य बुडालं. आणि वर्ष-दोन वर्षांत तोच सिंघण हरलेल्या राजाच्या मुलखातल्या देवाला गाव इनाम देतो : मिरिंजी देशातलं, म्हणजे आपल्या मिरजेकडचं, कूडलदामवाड. कानडीत कूडल म्हणजे संगम. भक्ती? असेल. पण नव्या धन्याला मुलूख हातात ठेवायचा तर आधी मुलखाचा देव हातात घ्यावा लागतो, हे सिंघणाला कळत होतं. आजच्या पुढाऱ्यांनाही कळतं. त्यासाठी शिलालेखही कोरावा लागत नाही, फ्लेक्स पुरतो.

नाकांबद्दल आणि कळसाबद्दल थोडक्यात. देवळाच्या पायाशी हत्तींची रांग आहे, देऊळच त्यांच्या पाठीवर पेललंय अशी. आणि त्यांवर स्वार झालेल्या देवता. हत्ती ९२ आहेत म्हणतात. आम्हा पोरांचा आकडा कधी ९० यायचा, कधी ९३. गुरुजींनी कुठलाच चूक ठरवला नाही. बहुतेकांच्या सोंडा गेल्यात, भिंतीवरच्या सुरसुंदरींची नाकं गेलीत, हात गेलेत. गावात कुणालाही विचारा, औरंगजेबाचं नाव घेईल. त्याने १७०१मध्ये पन्हाळा घेतला आणि त्याच्या फौजा या पट्ट्यात होत्या, हा इतिहास आहे. पण प्रत्येक नाकाचा हिशेब एकट्या त्याच्या नावावर टाकायला मी तयार नाही. आठशे पावसाळे आहेत, महापूर आहेत, आणि खिळ्याने बदाम कोरून आत दोन अक्षरं लिहिणारे आपलेही वीर आहेतच. कळसाचं तर उघडच आहे : खालचं काम काळ्या दगडाचं, वरचं विटा-चुन्याचं आणि फार नंतरचं. त्यावर गावाने कथा रचलेली नाही. मला वाटतं, गावाला ते भोक वाटतच नाही; झाकलेलं आहे ना, मग झालं.

आता उपासना.

त्या काळच्या दानलेखांत दोन शब्द जोडीने येतात : अंगभोग आणि रंगभोग. अंगभोग म्हणजे देवाच्या अंगाला लागणारं सगळं. स्नान, गंध, फूल, धूप, नैवेद्य, अखंड जळणाऱ्या नंदादीपाचं तेल. आणि रंगभोग म्हणजे देवाला दाखवायचं ते. नाच, गाणं, वाद्यं. म्हणजे देवाला जेवण जितकं लागतं तितकाच तमाशा लागतो, असं मानणारा तो काळ होता. (तमाशा शब्दावर कुणी नाक मुरडू नये. कोपेश्वराच्या सुरसुंदरींना तर मुरडायला नाकही राहिलेलं नाही.) देवाला गाव इनाम द्यायचं ते यासाठी. गाव पिकणार, त्या पिकातून तेल येणार, तांदूळ येणार, वाजवणाऱ्याचं पोट भरणार.

म्हणून रंगशिलेला रंगशिला म्हणतात. तिथे रंगभोग होत असणार. वर आकाश, भोवती बारा खांबांआड माणसं, मध्ये नाचणारी, आणि सरळ रेषेत आत अंधारात देव. आता त्या जागी रोज काय होतं? सकाळी झाडलोट होते. आत अभिषेक, बेल, भस्म, दिवा. श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी. एरवी शाळेच्या सहली, कॅमेरेवाले, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. संरक्षित स्मारक आहे, तेव्हा हे करू नका, ते करू नका, अशा पाट्या आहेत, असायलाच हव्यात. अंगभोग टिकला. रंगभोग हळूहळू आटला. देवळातली ही रिकामी जागा आमच्या सातवीच्या यादीत नव्हती, कारण ती दिसत नाही. थांबलेला आवाज दिसत नाही.

आणि मग कधी कधी नदीच देवळात येते. २००५ला आली, २०१९ला आली, २०२१ला आली. २०१९चा पूर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अंगावर काढलाय, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही. फक्त एक तारीख सांगतो. पाणी चढलं ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मघाशी मी म्हणालो ना, ऑगस्टच्या ५-६ तारखेला सूर्य बरोबर त्या भोकावर असतो? त्या दिवशीही असणारच. पण वर काळे ढग, खाली गढूळ पाणी, आणि उन्हाच्या चकतीसाठी शिळाच उघडी नाही.

पाणी उतरल्यावर काही दिवसांनी मी गेलो होतो. खांबांवर गाळाची रेघ होती, पेन्सिलने ओढल्यासारखी सरळ. काही माणसं खराट्याने रंगशिला घासत होती. त्यातला एक म्हातारा मला म्हणाला, "म्हाराज निवलं असतील आता. लई दिवस आंघूळ झाली न्हवती." कोपलेल्या देवाला नदीने न्हाऊ घातलं आणि राग उतरवला. ज्याच्या घरात कमरेएवढं पाणी आलं होतं, तो माणूस हे बोलत होता. आख्यायिका जुन्या असतात, असं आपण धरून चालतो. माझ्या डोळ्यांसमोर, हातात खराटा घेऊन एक तयार होत होती.

शेवटी त्रिपुरी पौर्णिमा, आणि मग मी खाली बसतो.

कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र स्वर्गमंडपाच्या भोकाच्या बरोबर मधोमध येतो, असं सांगतात. देवळात दिवे लावतात, दूरदूरची माणसं येतात. यामागेही भूगोलच आहे. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र तितकाच उत्तरेकडे; आणि ते 'तितकं' आपल्या अक्षांशाच्या आसपास येतं. पण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला पाच अंशांनी तिरपी आहे. त्यामुळे काही वर्षी तो नेमका डोक्यावर येतो, काही वर्षी थोडा बाजूने जातो.

मी गेलो ते वर्ष बाजूने जायचं होतं. बारा वाजत आले. पणत्या निम्म्या विझलेल्या. सगळ्यांच्या माना वर. चंद्र कड्याच्या आत आला, आणि चांदण्याची चकती खाली उतरली. ती शिळेवर बसली नाही. दक्षिणेला हातभर सरकून पडली, एका बाजूने शिळेबाहेर सांडलेली, दुसऱ्या बाजूला शिळेची कोर अंधारात राहिलेली. माझ्या शेजारच्या तरुणाने मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "सर, तीन अंशांची चूक आहे." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

समोर शिळेच्या त्या अंधाऱ्या कोरीवर एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर बघितलं, खाली बघितलं. मग पदर आवरून, नातीला दंडाला धरून, बसल्या बसल्याच हातभर पुढे सरकली.

"हिकडं ये गं," ती म्हणाली, "चांदणं हिकडं आलंय."